फोन नंबरला डीएनएसमध्ये जागा: ईनमचं नेमकं काय झालं?

तारमास्तर (सोमवार, रात्री ९:१०)

बऱ्याच दिवसांपासून हा विषय डोक्यात घोळतोय आणि मराठीत यावर कुठे काही सापडत नाही म्हणून लिहितोय. आपला फोन नंबर आज बँकेपासून गॅस बुकिंगपर्यंत सगळीकडे आपली ओळख होऊन बसलाय. पण समजा मला तुमचा फक्त नंबर माहितीये, तर त्या नंबरवर इंटरनेटवरून कुठे गाठायचं, म्हणजे सिप (इंटरनेटवरून फोन जोडायची पद्धत) कॉल कुठे करायचा, मेल कुठे पाठवायचा, हे सांगणारी कुणा एका कंपनीच्या खिशात नसलेली सार्वजनिक नोंदवही आहे का? तर आहे. तिचं नाव ईनम.

२००० साली पॅट्रिक फाल्टस्ट्रॉम यांनी लिहिलेलं आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) २९१६ आलं तिथून ही सुरू झाली, मग २००४ मध्ये ३७६१ आणि २०११ मध्ये ६११६, आत्ता चालू आहे ते हेच. कल्पना फार सरळ आहे. जगातले सगळे फोन नंबर आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेच्या ई.१६४ या आराखड्यात बसतात, देशाच्या कोडसकट जास्तीत जास्त १५ आकडे. म्हणजे प्रत्येक नंबर जगात एकमेव. आणि डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा इंटरनेट पत्ता सांगणारी झाडासारखी व्यवस्था, हे आधीपासून जगभर चालणारं, कुणालाही विचारता येणारं कोठार. मग नंबरचंच डोमेन का करू नये?

उदाहरण घेऊ. +४४ २० ७९४६ ०१४८. (हा नंबर घाबरू नका, ब्रिटनमध्ये ऑफकॉमने (तिथल्या दूरसंचार नियामकाने) नाटक-सिनेमात दाखवायला जे नंबर राखून ठेवलेत त्यातला आहे, कुणाचा खरा नाही.) यातलं अधिकचं चिन्ह आणि मधल्या मोकळ्या जागा काढा, आकडे उलटे करा, प्रत्येक आकड्यामध्ये टिंब टाका आणि शेवटी ई१६४ डॉट अर्पा जोडा. झालं:

८.४.१.०.६.४.९.७.०.२.४.४.ई१६४.अर्पा

उलटं का? आपण पाकिटावर पत्ता लिहितो तो घर नंबर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा असा लहानाकडून मोठ्याकडे, डीएनएस पण तसंच, मोठं शेवटी. फोन नंबर मात्र उलटा, देश पहिला, मग शहर किंवा कंपनी, मग तुम्ही. म्हणून फिरवून घ्यायचा. एकदा फिरवला की ४.४ ची फांदी ब्रिटनकडे, ३.४ ची ऑस्ट्रियाकडे, अशी वाटणी आपोआप होते आणि खाली खाली जात शेवटचं पान थेट नंबरधारकाकडे. मला यातलं सगळ्यात आवडणारं हेच, की शेवटचा अधिकार नंबर वापरणाऱ्याचा आहे. कंपनीचा नाही.

त्या डोमेनला नॅपटर नावाचे रेकॉर्ड लावायचे. एका रेकॉर्डमध्ये क्रम, पसंती, एक झेंडा (पुढे काय करायचं याची खूण), सेवेचं नाव (उदा. ई२यू+सिप) आणि एक रेग्युलर एक्स्प्रेशन, जे नंबरचं रूपांतर सिप पत्त्यात करतं. दुसऱ्यात मेल, तिसऱ्यात वेबसाइट, चौथ्यात एक्सएमपीपी चॅट. क्रमाचा आणि पसंतीचा आकडा जितका लहान तितकं प्राधान्य जास्त. म्हणजे मीच ठरवणार की मला आधी सिपवर शोधा, नाही सापडलो तर मेल करा.

एवढी स्वच्छ गोष्ट २५ वर्षं समोर असून आपल्या हातात का आली नाही, यावर बोलूया का? इथे टेलिकॉममधले जाणकार आहेत म्हणून विचारतोय.

अभि_नाशिक (सोमवार, रात्री ९:४४)

वाचतोय, भारी लिहिलंय. पण एक प्रामाणिक शंका, व्हॉट्सॲप हेच तर करतं ना? नंबर टाकला की समोरचा सापडतो. मग वेगळी नोंदवही कशाला पाहिजे?

तारमास्तर (सोमवार, रात्री ९:५८)

अभि, सापडतो, पण कुणाला सापडतो? व्हॉट्सॲपवाल्याला व्हॉट्सॲपवालाच सापडतो. सिग्नलची नोंदवही वेगळी, टेलिग्रामची वेगळी, ट्रूकॉलरची आणखी वेगळी, आणि यातल्या एकातही तू स्वतः लिहू शकत नाहीस की बाबा माझा नंबर अमुक सर्व्हरला जोडा. नंबर तुझा आणि तो कुठे नेतो हे ठरवणार दुसरंच कुणी. ईनममध्ये ते तुझ्या झोन फाइलमध्ये (तुझ्या डोमेनच्या नोंदींच्या यादीत) असतं, आज एक सेवा उद्या दुसरी, नंबर तोच.

म्युनिकची_मेघा (सोमवार, रात्री ११:२०)

अरे वा, ईनमवर मराठीत धागा! मी इकडे जर्मनीत सिपच्याच धंद्यात आहे म्हणून थोडी भर.

युरोपात हे नुसतं कागदावर नव्हतं. ऑस्ट्रियाने डिसेंबर २००४ मध्ये जगात सगळ्यात आधी व्यापारी तत्त्वावर ईनम सुरू केलं. नुसतं सुरू केलं असं नाही, तर +४३ ७८० ही नंबरांची एक खास मालिकाच ईनमसाठी काढली. त्यात गंमत अशी की नेहमीसारखा आधी नंबर मग डोमेन असं नाही, तुम्ही डोमेन नोंदवलं की तोच तुमचा नंबर. टेलिफोन कंपनीकडून नंबर घ्यायचा आणि मग तो सिद्ध करायचा ही भानगडच नाही. मला अजूनही वाटतं की या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात हुशारीची चाल ती होती. जर्मनीत .डीई डोमेनं सांभाळणाऱ्या डेनिकने २००२ पासून चाचणी चालवली आणि जानेवारी २००६ पासून नियमित सेवा, चेकांनी २००७ मध्ये.

वरची फांदी, म्हणजे ई१६४ डॉट अर्पा, ॲमस्टरडॅमची राइप एनसीसी (युरोपातले इंटरनेट पत्ते वाटणारी संस्था) सांभाळते, इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाच्या सूचनेनुसार. एखाद्या देशाच्या कोडची मागणी आली की आयटीयू त्या देशाच्या सरकारला विचारतं, सरकारचा आक्षेप नसला की मिळते. म्हणजे +९१ ची फांदी कुणाच्या हातात द्यायची हे दिल्लीने ठरवायचं. अमेरिकेत तर अजून अवघड, कारण +१ हा कोड एकट्या अमेरिकेचा नाही, कॅनडा आणि कॅरिबियनमधले बरेच देश त्यात आहेत, सगळ्यांनी मिळून ठरवायचं म्हणजे वर्षानुवर्षं बैठका.

पण खरं सांगू का, इथेही सामान्य लोकांनी ते घेतलं नाही. विद्यापीठं, काही कंपन्या, माझ्यासारखे वेडे. माझ्या शेजारणीला ईनम माहीतही नाही आणि तिला माहीत असायची गरजही नव्हती, ते तिच्या टेलिफोन कंपनीने गुपचूप करून द्यायला हवं होतं. कंपन्यांनी ते केलं नाही.

एक्स्चेंजवाला (मंगळवार, सकाळी ७:०५)

तारमास्तर, धागा काढलात बरं झालं. मी आयुष्यभर एक्स्चेंजमध्ये काम केलेला माणूस, क्रॉसबारपासून सॉफ्टस्विचपर्यंत. मेघाताईंनी शेवटी जे लिहिलंय की कंपन्यांनी केलं नाही, त्याचं कारण सांगतो. कारण पैसा.

एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन करतो तेव्हा पहिली कंपनी दुसरीला दर मिनिटाला ठरावीक रक्कम देते, आपल्याकडे त्याला आययूसी म्हणायचे. २००९ पासून २० पैसे, मार्च २०१५ पासून १४ पैसे, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. आता विचार करा, ज्या काळात ईनम तरुण होतं त्या काळात येणारा प्रत्येक कॉल म्हणजे उत्पन्न. कॉल डीएनएसला विचारून थेट इंटरनेटवरून तुमच्या सिप सर्व्हरला गेला की मधली कंपनी बाजूला. तिने स्वतःहून हे दार का उघडावं? आणि आययूसी शून्यावर आलं तोवर लोक व्हॉट्सॲप कॉलवर कधीच गेलेले.

दुसरं, आपल्याकडे कायदाच आडवा होता. एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली ती कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर आणि इथून परदेशातल्या फोनला. देशातल्या देशात इंटरनेटवरचा कॉल साध्या फोनच्या जाळ्यात सोडायला बंदी. ट्रायने (आपल्या दूरसंचार नियामकाने) २०१७ मध्ये शिफारस केली आणि जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने ती वाट मोकळी केली. मग सांगा, सर्वसामान्य वर्गणीदाराला आपला +९१ नंबर नोंदवायची सोय मिळणार कुठून?

आणि आता एक गोष्ट जी फार थोड्यांना ठाऊक असते. ईनम मेलेलं नाही. तुम्ही रोज वापरताय.

सुलभाताई (मंगळवार, सकाळी १०:३२)

काका, "रोज वापरताय" म्हणजे? मी तर साधा मोबाइल वापरते, जरा सोपं करून सांगा ना. तांत्रिक फारसं कळत नाही पण धागा सोडवत नाहीये.

एक्स्चेंजवाला (मंगळवार, दुपारी १:१५)

सांगतो ताई. व्होएलटीई कॉल, म्हणजे फोरजीवरचा कॉल, आतून सिपच असतो. तुम्ही दहा आकडे दाबता, पण सिपला लागतो पत्ता, नुसत्या आकड्यांवर त्याचं भागत नाही. तेव्हा कंपनीच्या गाभ्यातला सर्व्हर, एस-सीएससीएफ म्हणतात त्याला, तो तुमचे आकडे देशाच्या कोडसकट उलटे फिरवतो आणि कंपनीच्या आतल्या डीएनएसला विचारतो की हा नंबर कुणाचा. सिप पत्ता आला तर कॉल आयपीवरूनच पुढे, नाही आला तर गेटवेमधून जुन्या पद्धतीच्या जाळ्यात. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या मानकातच ही पायरी लिहिलेली आहे. वरती तारमास्तरांनी लिहिलंय तेच नॅपटर, तेच रेग्युलर एक्स्प्रेशन.

फरक एवढाच की हे झाड ई१६४ डॉट अर्पावर नाही. कंपन्यांच्या आपसातल्या खासगी जाळ्यावर ई१६४ईनम डॉट नेट नावाचं वेगळं मूळ आहे, मोबाइल कंपन्यांच्या जीएसएमए या संघटनेच्या नियमावलीत ते दिलंय, आणि बाहेरच्या इंटरनेटवरून तुम्हाला-मला तिथे डोकावता येत नाही. एमएमएस एका कंपनीतून दुसरीत जायचा तेव्हाही पलीकडचा एमएमएस सर्व्हर शोधायला हेच वापरता यायचं.

नंबर पोर्टेबिलिटीचा (एमएनपी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं) प्रश्नही यातच सुटतो. हरियाणात नोव्हेंबर २०१० मध्ये आणि देशभर २० जानेवारी २०११ ला एमएनपी सुरू झालं, तेव्हापासून नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी ओळखता येत नाही. कॉल सुरू करणाऱ्या कंपनीनेच आधी कोठारात बघायचं की हा नंबर आता कुणाकडे आहे आणि त्याला राउटिंगचा कोड लावायचा, अशी आपल्याकडची पद्धत. तो कोड ईनमच्या उत्तरातूनच देता यावा म्हणून आरएफसी ४७६९ मध्ये वेगळी सेवा नोंदवलेली आहे.

तारमास्तर (मंगळवार, दुपारी २:०२)

काका, हेच मला खुपतंय. म्हणजे तंत्र चाललं, उत्तम चाललं, पण जनतेसाठी जे दार होतं ते बंद करून कंपन्यांनी ते आपल्या कोठीघरात नेऊन ठेवलं. नंबर माझा, नोंद माझ्याबद्दलची, आणि वाचायचा-लिहायचा हक्क मात्र माझ्याकडे नाही.

रूटसर्वर (मंगळवार, रात्री ८:४०)

धागा उत्तम, पण मी थोडं विरुद्ध बाजूने बोलणार आहे. तारमास्तर, दार बंद राहिलं ते काही बाबतीत बरंच झालं.

डीएनएसमध्ये टाकलेली गोष्ट जगजाहीर असते, आणि इथे नावं अंदाजाने शोधायची पण गरज नाही, प्रत्येक पायरीवर फक्त दहा पर्याय, शून्य ते नऊ. वर डीएनएसचा नियम असा की एखाद्या पातळीवर "असं नावच नाही" हे उत्तर आलं की त्याच्या खालचं सगळं रिकामं. म्हणजे एखादी फांदी रिकामी आहे हे एका प्रश्नात कळतं आणि अख्खी छाटून टाकता येते. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) च्या उलट्या झाडातून मशीन शोधायला हीच युक्ती वापरतात. तर एखादा स्पॅमर सबंध देशाचे नोंदवलेले नंबर सिप आणि मेल पत्त्यांसकट निवांत गोळा करू शकतो. डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही) लावलं तर उत्तर खरं आहे एवढं कळतं, लपत काहीच नाही.

कुणी म्हणेल नंबर हॅश करून (गणिती सूत्राने न ओळखता येणाऱ्या रूपात बदलून) ठेवा. उपयोग नाही, दहा आकड्यांचे सगळे हॅश साधा लॅपटॉप काढून ठेवतो, शक्यताच इतक्या कमी आहेत. म्हणूनच सिग्नलला संपर्क शोधण्यासाठी प्रोसेसरच्या आतल्या बंदिस्त कप्प्याचा आधार घ्यावा लागला.

दुसरा मुद्दा मालकीचा. डोमेन तुम्ही पैसे भरताय तोवर तुमचं. नंबर मात्र कंपनी परत घेऊन दुसऱ्याला देते. मग जुन्या माणसाचा नॅपटर रेकॉर्ड तसाच राहिला तर नव्या माणसाचे कॉल जुन्याच्या सर्व्हरला. म्हणून ईनम चालवणाऱ्यांना नंबर खरंच या माणसाकडे आहे का हे ठरावीक काळाने पुन्हा तपासावं लागतं, आणि तो सगळा खर्च. हौशी लोकांनी ई१६४ डॉट ऑर्ग नावाचं स्वतःचं झाड लावलं होतं, तिथे तुमच्या नंबरवर फोन करून पिन सांगायचे, तो टाकला की नोंद. तेही टिकलं नाही.

सुलभाताई (मंगळवार, रात्री १०:०५)

हा शेवटचा मुद्दा मला चांगलाच कळला! मुलीसाठी नवीन सिम घेतलं तर त्यावर कुणा दुसऱ्याच माणसाच्या बँकेचे मेसेज आणि ओटीपी येतायत. त्या बँकेला दोनदा कळवलं, ते म्हणतात खातेदाराने स्वतः येऊन बदलायला हवं. आता त्या खातेदाराला मी कुठून शोधू? मुलीला मेसेज उघडायचे नाहीत म्हणून सांगितलंय, पण आमची काही चूक नसताना आम्हालाच धास्ती.

एक्स्चेंजवाला (बुधवार, सकाळी ६:५०)

ताई, हे फार जणांना होतंय. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला द्यायचा नाही असा नियम आहे, ट्रायने २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टातही हेच सांगितलं. पण ९० दिवसांत माणूस दहा ठिकाणचा नंबर बदलतोच असं नाही. बंद झालेल्या नंबरांची सरकारी यादी निघते, एमएनआरएल म्हणतात तिला. यूपीआयमध्ये आता एनपीसीआयने (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने) बँका आणि ॲपवाल्यांना एप्रिल २०२५ पासून दर आठवड्याला त्याप्रमाणे नोंदी साफ करायला लावलंय. तुम्ही त्या बँकेला मेलवर लेखी तक्रार करा, त्यात "हा नंबर आता माझ्या नावावर आहे" असं लिहून सिमच्या पावतीची प्रत जोडा, आणि उत्तर नाही आलं तर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे. तोंडी सांगून काही होत नाही.

म्युनिकची_मेघा (बुधवार, दुपारी १२:३०)

काकांनी यूपीआय काढलं ते फार बरोबर. पूर्वी ॲप बदललं की पैसे घेण्याचा पत्ता बदलायचा. आता कुठल्याही ॲपमधून नंबरवर पैसे पाठवता येतात कारण एनपीसीआयकडे मध्यवर्ती मॅपर आहे, नंबर टाकला की तुम्ही निवडलेला यूपीआय पत्ता. हे ईनमच आहे की, फक्त डीएनएसऐवजी एका संस्थेच्या डेटाबेसमध्ये आणि फक्त पैशांसाठी. आणि बघा, संमती घेऊन जोडता येतं, ॲप बदलता येतं, जुनी नोंद साफ होते. म्हणजे रूटसर्वरने काढलेल्या अडचणींवर उत्तर निघू शकतं, चालवणाऱ्यावर बंधन असेल तर.

मेसेजच्या बाबतीत युरोपात मार्च २०२४ पासून डिजिटल मार्केट्स ॲक्टखाली व्हॉट्सॲपला दुसऱ्या सेवांशी जोडून घ्यायची जबाबदारी आहे. पण तिथेही पहिला प्रश्न तोच येतो, या नंबरचा माणूस कुठल्या सेवेवर आहे हे सांगणार कोण? पंचवीस वर्षांपूर्वी ज्याचं उत्तर लिहून ठेवलं होतं तो प्रश्न पुन्हा टेबलावर.

तारमास्तर (बुधवार, रात्री ९:२५)

रूटसर्वर, तुमचे मुद्दे मान्य, विशेषतः फांद्या छाटण्याचा. व्यक्तीचा खासगी नंबर उघड्या डीएनएसमध्ये नसावा हे मी स्वीकारतो. पण सगळे नंबर खासगी नसतात ना? सरकारी दवाखाना, तहसील कार्यालय, ग्रामपंचायत, शाळा, रुग्णवाहिका, ग्राहक तक्रार केंद्र, यांचे नंबर भिंतीवर रंगवलेले असतात, ते लपवायचं कारणच नाही. उलट आज त्यांच्या नावाने खोटे नंबर शोधयंत्रात टाकून लोकांना लुबाडतात. अशा नंबरांसाठी सरकारने सही केलेलं, डीएनएसएसईसी लावलेलं झाड चालवलं, की नंबर टाकला की त्याची अधिकृत वेबसाइट आणि मेल मिळणार, तर फोनच्या ॲपलाच कळेल की हा नंबर खरा त्या कार्यालयाचा. वेबसाइटसाठीची ईनम सेवा आरएफसी ४००२ मध्ये नोंदवलेली आहेच, नवीन काही शोधायचं नाहीये. मला यासाठी खरोखर प्रयत्न करावासा वाटतो. ट्राय सल्लामसलतीचे कागद काढतं त्यावर कुणीही लेखी मत पाठवू शकतं, नंबरविषयीचा पुढचा कागद आला की मी मसुदा इथेच टाकतो, तुम्ही सगळे दुरुस्त्या सुचवा.

रूटसर्वर (बुधवार, रात्री ९:५०)

सार्वजनिक कार्यालयांपुरतं असेल तर माझा पूर्ण पाठिंबा. मसुद्यातला डीएनएसएसईसीचा भाग मी लिहितो. फक्त एक अट, वाइल्डकार्ड (कुठल्याही नावाला लागू होणारे) रेकॉर्ड नकोत, नाहीतर नसलेल्या नंबरलाही उत्तर मिळेल आणि खऱ्या-खोट्याचा सगळा उद्देशच वाया.

अभि_नाशिक (बुधवार, रात्री १०:१८)

मस्त चाललाय धागा. आमच्या संस्थेच्या तीन शाखा आहेत, तिन्हीकडे ॲस्टेरिस्क (सॉफ्टवेअरवर चालणारं ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज), आणि एका शाखेतून दुसरीला फोन केला तरी बाहेरून फिरून जातो, बिल येतं ते वेगळंच. यात ईनम घरच्या घरी वापरता येईल का? परवानगी वगैरे लागेल का?

तारमास्तर (बुधवार, रात्री १०:४०)

येईल की. स्वतःच्या नंबरांसाठी स्वतःचं खासगी झाड लावायला राइपची किंवा दिल्लीची परवानगी लागत नाही, डीएनएस झोन तुझाच. आतल्या डीएनएस सर्व्हरवर ईनम.संस्था.लॅन असा एखादा झोन बनव, बाहेरून दिसणार नाही असा. शाखांच्या प्रत्येक नंबरचा उलटा आकडा आणि एक नॅपटर, क्रम १००, पसंती १०, झेंडा यू, सेवा ई२यू+सिप, आणि एक्स्प्रेशनमध्ये त्या शाखेच्या सर्व्हरचा सिप पत्ता. मग ॲस्टेरिस्कच्या डायलप्लॅनमध्ये (कॉल कुठे पाठवायचा याच्या नियमांत) बाहेरची लाइन पकडायच्या आधी ईनमलूकअप लाव, त्याच्या शेवटच्या पॅरामीटरमध्ये झोनचं नाव देता येतं, नाही दिलं तर ते ई१६४ डॉट अर्पाच शोधत बसेल. उत्तर आलं तर सिपवरून, रिकामं आलं तर नेहमीच्या लाइनवर. शाखांमधलं जोडणं व्हीपीएनवरूनच कर, उघड्या इंटरनेटवर सिप पोर्ट ठेवू नकोस.

एक्स्चेंजवाला (गुरुवार, सकाळी ७:१२)

अभि, दोन गोष्टी लक्षात ठेव. लोक शून्य लावून, +९१ लावून, नुसते आठ आकडे असं कसंही डायल करतात, लूकअपच्या आधी सगळं +९१ सकट पूर्ण रूपात आणून घे नाहीतर अर्ध्या वेळा सापडणारच नाही. आणि रेकॉर्डचा टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत) सुरुवातीला पाच मिनिटांचाच ठेव, एखादी शाखा बंद पडली की लगेच बदलता येतो. इंटरनेटवरून आलेला शाखेचा कॉल पुढे बाहेरच्या लाइनला जोडण्याआधी मात्र तुमच्या सेवा देणाऱ्याकडून नियम लेखी विचारून घे.

अभि_नाशिक (गुरुवार, दुपारी ३:३०)

धन्यवाद काका, धन्यवाद तारमास्तर. शनिवारी दोन शाखांवर करून बघतो, तिसऱ्या शाखेचा सर्व्हर जुना आहे तो नंतर. झोन फाइल आणि डायलप्लॅन इथेच टाकेन, म्हणजे कुणाला लागलं तर उपयोगी पडेल.